हाडं नाहीत, की मिळाली नाहीत?

अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "तुम्ही अमेरिकेत नोकरी करत होता म्हणजे नेमकं काय करत होता?" मी म्हटलं, "हाडं निवडत होते." पलीकडून हळूच प्रश्न आला, "म्हणजे... वेचत होता?" अहो, नाही हो! वेचतात ती माणसाची, तिसऱ्या दिवशी. मी निवडत होते, तांदूळ निवडतात तशी. बैलाची इकडे, डुकराची तिकडे, कोंबडीची बशीत. फरक इतकाच, की तांदळातले खडे टाकून देतात आणि आमच्याकडे काहीच टाकायचं नसतं. निदान टाकू नये. सगळं दुखणं तिथेच आहे, पण ते पुढे सांगते.

लग्न होऊन पेनसिल्वेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. हे धातुशास्त्रात पीएचडी करत होते आणि मी कोल्हापूरची प्राणिशास्त्रातली एमएस्सी, घरात बसून बर्फ बघत होते. डाळ-तांदूळ आणायचे तर पिट्सबर्गला कुणाची गाडी निघते का याची वाट बघायची. एक दिवस ह्यांनीच येऊन सांगितलं, "कॅम्पसवर एका लॅबमध्ये मदतनीस पाहिजे. हाडं धुवायची आहेत. तुला चालेल?" म्हटलं, आमच्या घरी दर रविवारी मटण. नळी कुठली, खांद्याची चपटी कुठली, मणका कुठला, हे मला बाराखडीच्या आधी कळलंय. चालेल म्हणजे काय, पळेल!

ती लॅब एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. पुरातत्त्ववाले जगभर खणतात, त्यात भांडी निघतात, नाणी निघतात, पण सगळ्यात जास्त निघतात जनावरांची हाडं. हजार वर्षांपूर्वी कुणी काय जेवलं, काय पाळलं, काय मारलं, हे त्यातून कळतं. त्यासाठी आपल्याकडे ओळखीच्या हाडांचे नमुने लागतात. पेनसिल्वेनियात हरणं गाडीखाली फार येतात. ती आम्ही उचलून आणायचो आणि बारक्या काळ्या किड्यांच्या पेटीत ठेवायचो. ते किडे मांस खाऊन हाड लख्ख करून देतात. मी त्यांना माझ्या कामवाल्या म्हणायची. एकदा पेटीचं झाकण नीट लागलं नाही आणि वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीच्या पर्समध्ये माझी एक कामवाली निघाली. त्या बाईनं पुढे कधी मला गुड मॉर्निंग केलं नाही.

आपली माणसं तर विचारूच नका. पाच-पाच जण एका अपार्टमेंटमध्ये राहणारी आपली स्टुडंट मंडळी म्हणायची, "वहिनी, तुमची लॅब म्हणजे यार हॉरर पिक्चर आहे!" गणपतीला मी मोदक करून नेले, तर एका काकूंनी मोदक हातात घेऊन विचारलं, "हात धुऊन केलेस ना गं?" मी म्हटलं, "नाही काकू, हाडानंच वळलेत. कळ्या बघा किती सुबक आल्यात." काकूंनी मोदक परत ठेवला. बाकीच्यांनी दोन-दोन जास्त खाल्ले. माझी लेक शाळेत जायला लागल्यावर गाडीत बसताना रोज म्हणायची, "आई, द कार स्टिंक्स." मी म्हणायची, "तुझ्या आईचा पगार आहे तो, हुंग."

गिऱ्हाइकं पण एकेक यायची. एका शिकारीच्या मोसमात पोलिसातला एक पोरगेलासा माणूस कागदी पिशवी घेऊन आला, तोंड पांढरंफटक. जंगलात माणसाचा हात सापडला म्हणे. उघडून बघते तर अस्वलाचा पंजा. कातडं सोललं की तो हुबेहूब माणसाच्या हातासारखा दिसतो, पण अस्वलाचं सगळ्यात मोठं बोट आपल्या करंगळीच्या जागी असतं. त्याला दाखवलं तेव्हा तो खुर्चीतच बसला आणि त्यानं पाणी मागितलं. दुसरे आपलेच एक काका. आजोबांकडून आलेलं सोन्यात मढवलेलं खानदानी वाघनख घेऊन ते ओहायोहून गाडी चालवत आले. ते नख म्हशीच्या शिंगाचं होतं. आता या माणसाला "हे वाघाचं नाही" कसं सांगायचं? मी म्हटलं, "काका, फार जुनं आहे, जपून ठेवा." ते खूश होऊन गेले.

हे "नाही" प्रकरण माझ्या रक्तातच नाही. आमच्या आईनं उभ्या जन्मात घरात तांदूळ "संपले" असं म्हटलं नाही. "तांदूळ वाढले, आणायला हवेत." बांगडी फुटायची नाही, वाढायची. निघताना कुणी "जाते" म्हटलं की खेकसायची, "येते म्हण!" ही गोष्ट मी लॅबमध्ये रूथबाईंना सांगितली आणि त्यांना ती इतकी आवडली, की कॉफीचं भांडं रिकामं झालं की त्या ओरडायच्या, "मॅंडा, कॉफी वाडली!" माझं नाव मंदा. तिथे सगळ्यांनी त्याचं मॅंडा केलं होतं. संध्याकाळी कोट चढवताना त्या न चुकता म्हणायच्या, "येते." इंग्रजी तोंडातून ते "येटे" असं यायचं.

रूथबाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, प्रोफेसर. उंच, हाडकुळ्या, केस पुरुषासारखे कापलेले, कार्डिगनच्या खिशात कायम एखादं हाड. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलं. डोळे मिटायला लावून हातात हाड द्यायच्या. "बघू नकोस. बोटांना विचार. कोण? कुठलं? डावं की उजवं?" चुकलं की रागवायच्या नाहीत, नुसतं हाड परत हातात ठेवायच्या. मला त्याचाच जास्त राग यायचा. सगळ्यात अवघड शेळी आणि मेंढी. दोघींची हाडं सख्ख्या जुळ्यांसारखी. मी सांगितलं, की मराठीत आम्ही एका दमात "शेरडं-मेंढरं" म्हणून मोकळं होतो. त्या म्हणाल्या, "शहाणी भाषा आहे तुझी."

बाईंचा जीव अडकला होता तो युरोपातल्या एका जुन्या मठाच्या जागेत. दर उन्हाळ्यात त्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे खणायला जायच्या आणि हाडांची खोकी बोटीनं आमच्या तळघरात यायची. त्या मठातलं हातानं लिहिलेलं एक प्रार्थनेचं पुस्तक आजही कुठल्याशा ग्रंथालयात आहे. कागद तेव्हा तिकडे नव्हता. पुस्तक लिहायचं ते कातड्यावर. ते आपल्या चपलेसारखं कमावलेलं कातडं नव्हे. कोकराचं, करडाचं नाहीतर वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं, केस खरवडून काढायचे, मग चौकटीवर ताणून अर्धचंद्राच्या सुरीनं तासत तासत वाळवायचं. आपल्या हलगीचं पान असतं ना, तसलंच, पण त्याहून पातळ आणि गोरं. बाईंचा प्रश्न साधा होता. ही कातडी मठातल्या माणसांनीच बनवली, की बाहेरून आणली?

मी एकदा विचारलं, "बाई, काय फरक पडतो?" तर त्यांनी हातातलं काम ठेवलं. त्यांचे वडील पेनसिल्वेनियातल्याच एका टॅनरीत, म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्यात, कामाला होते. शाळेत पोरं छोट्या रूथजवळ बसायची नाहीत, नाक धरायची. त्या म्हणाल्या, "अक्षर कुणी काढलं त्याचं नाव त्या पुस्तकाच्या शेवटी आहे, मॅंडा. कातडं ज्यानं खरवडलं, त्याचं कुठेच नाही. तो भिंतीच्या आत राहत होता आणि लिहिणाऱ्याच्या पंगतीला जेवत होता, एवढंच मला दाखवायचंय." कोल्हापुरात कातडी कमावणाऱ्यांची वस्ती आमच्यापासून लांब होती, आणि त्या रस्त्यानं जाताना मीही नाक दाबूनच गेले होते. त्या दिवसापासून तो मठ माझाही झाला.

मठात एक चुन्याचा खड्डा सापडला होता. पण चुना काय, भिंत बांधायलाही लागतो. पुरावा पाहिजे तो हाडांचा. तो असा: जनावर मारलं की मांस स्वयंपाकघरात जातं, म्हणून तिथे खांद्याची, मांडीची, बरगड्यांची हाडं पडतात. कातडं मात्र बोटांसकट सोललेलं येतं. पायाच्या वरच्या नळ्या हाडाच्या सुया आणि सुऱ्यांच्या मुठी करणारे आधीच काढून नेतात, आणि खुरांच्या आतली बोटांची हाडं तेवढी कातड्याला लटकून राहतात. कातडंवाला ती कापून तिथेच टाकतो. तेव्हा चुन्याच्या खड्ड्यापाशी नुसत्या बोटांचा ढीग सापडला, तोही कोवळ्या जनावरांचा, तर समजायचं की इथे कुणीतरी कातड्याची पानं करत होतं.

मी म्हटलं, "पण बाई, पाय तर आम्ही खातो. आजाऱ्याला पायाचं सूप देतात. ढीग खाणाऱ्यांचा पण असेल की!" बाईंनी कपाळाला हात लावला. "माझं अख्खं पुस्तक तू रश्श्यात बुडवलंस." पण त्या खऱ्या कामाच्या बाई. म्हणाल्या, करून बघू. मग मी पिट्सबर्गच्या एका खाटकाकडून बकऱ्याचे पाय आणले, मिरं-लसूण घालून रटरट शिजवले आणि बाईंना घरी जेवायला बोलावलं. बाईंनी दोन वाट्या सूप प्यायलं, नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि ताटातलं प्रत्येक हाड धुऊन रुमालात बांधून घेतलं. लेक म्हणाली, "शी इज टेकिंग द गार्बेज!" दुसऱ्या दिवशी भिंगाखाली बघितलं. खाण्यासाठी तोडलेल्या पायावर सुऱ्याचे जाड घाव असतात. कातडं सोलताना मात्र बोटाभोवती केसाएवढी बारीक रेघ उमटते, गोल, दोऱ्यानं बांधल्यासारखी. बाई म्हणाल्या, "आता फक्त बोटं पाहिजेत."

आणि बोटंच मिळेनात.

मी खोक्यामागून खोकी उघडत होते. बैलाच्या नळ्या, डुकराचे जबडे, मेंढ्यांचे खांदे, रग्गड. बोटांची हाडं म्हणाल तर मोठ्या जनावरांची चार-दोन, तीही इकडचीतिकडची. कोकराच्या बोटाचं हाड असतं चिंचोक्याएवढं. तो खड्डा खणला गेला होता अगदी पहिल्या वर्षी. तेव्हा खणायच्या कामावर हॅंक नावाचा मुकादम होता. मी त्याला एकदा फोन लावून विचारलं, "माती चाळत होता का?" तो हसला. "चाळत? आम्ही घाईत होतो, डिअर. मुलांना सांगितलं होतं, काडेपेटीपेक्षा लहान असेल ते सोडून द्या. त्यातून काय कळणार?" माती कुठे टाकली? उतारावरून खाली, नदीत. आणि आता त्या जागी काय आहे? गाड्या लावायचं डांबरी मैदान. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. पण हॅंकला तरी काय बोलणार? त्या काळी पुष्कळ ठिकाणी तसंच खणत. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं माझ्या लेकीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

बाईंच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. शेवटचं व्याख्यान द्यायचं होतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं, की त्या मठाबद्दल बोलणार. आदल्या आठवड्यात आम्ही दोघी टेबलाशी बसलो. त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "मिळाली नाहीत."

"म्हणजे नाहीत."

"नाहीत कशी? मिळाली नाहीत! दोन्हींत फरक आहे, बाई. चाळलंच नाही तर मिळतील कशी?"

"फरक आहे," त्या म्हणाल्या. "पण चाळलं असतं तर मिळाली असती, हे मी कशाच्या जोरावर सांगू? मला हवंय म्हणून?" मग जरा हसल्या. "तुझ्या भाषेत काहीच संपत नाही, मॅंडा. फार गोड भाषा आहे. माझ्या धंद्यात मात्र कधीतरी संपलं म्हणावं लागतं."

त्या दिवशी मी भांडले. एका प्रोफेसरशी, माझ्या साहेबिणीशी, हातवारे करून भांडले. शेजारच्या खोलीतून माणसं डोकवायला लागली. पण हाडाच्या बाबतीत बाई कुणाचंच ऐकायच्या नाहीत, स्वतःच्या मनाचंही नाही. आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्यांना गदागदा हलवावंसं पण वाटत होतं.

व्याख्यानाला हॉल भरला होता. बाई निळा सूट घालून उभ्या राहिल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाल्या, "मी इतकी वर्षं एक गोष्ट मानत आले. तिला पुरावा नाही. ती मी आज मागे घेते." पुढे तासभर त्या त्याच मठातल्या डुकरांबद्दल बोलल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, केवढा प्रामाणिकपणा म्हणून. मी शेवटच्या रांगेत बसून पदरात तोंड खुपसून रडत होते. साडी नेसून गेले होते मुद्दाम. शेवटच्या दिवशी निघताना त्यांनी लॅबच्या दारातून हात केला. "येटे," म्हणाल्या. पण त्या लॅबमध्ये परत आल्या नाहीत.

वर्षा-दोन वर्षांत काहीतरी बिनसत चाललंय हे फोनवरच कळायला लागलं. एकच गोष्ट त्या तीनदा विचारायच्या. मग मी कोण हेच विचारायला लागल्या. मूलबाळ नव्हतं, लग्नच केलेलं नव्हतं. एका भाचीनं त्यांना पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी अधूनमधून जायची. खिडकीशी बसलेल्या असायच्या, कार्डिगन तेच, खिसा रिकामा. मला "मिस" म्हणायच्या. एकदा गंमत म्हणून मी म्हटलं, "बाई, कॉफी वाढली." त्यांनी माझ्याकडे सौजन्यानं बघितलं, जशी एखाद्या परक्या देशातल्या बाईकडे माणूस बघतो तशी. पुन्हा मी ते कधी म्हटलं नाही.

दशक संपत आलं तेव्हा लॅब नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. नवीन आलेले साहेब तरुण होते, म्हणाले, जुनं जुनं काढा. माझ्या टेबलाखाली एक झाकणाची प्लॅस्टिकची बादली होती. मी आले तेव्हापासून तिथेच. तिच्यावर "बिया" असं लिहिलेलं होतं. आमच्या धंद्यात वाटण्या असतात: हाडं आमची, बिया वनस्पतीवाल्यांची. एकानं दुसऱ्याच्या बादलीला हात लावायचा नाही, हा शिरस्ता. तो वनस्पतीवाला कधीचाच दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला होता आणि त्याची बादली राहिली होती. थंडीच्या दिवसांत तळघराची फरशी गार पडायची, म्हणून मी तिच्यावर पाय ठेवून बसायची. साहेब म्हणाले, "फेकून द्या." मी तिच्यावरची चिठ्ठी नीट बघितली. "बिया"च्या खाली बारीक अक्षरात मठाचं नाव, पहिलं वर्ष, आणि पुढे: चुन्याचा खड्डा, तळ.

हॅंकच्या माणसांनी नदीत लोटली ती सगळी माती नव्हती तर. बियावाल्यानं स्वतःसाठी एक बादली भरून घेतली होती, आणि त्यालाही कधी चाळायला सवड झाली नव्हती.

लॅबच्या चाळण्या बांधाबांधीत गेल्या होत्या. मी घरी गेले आणि माझ्या घेऊन आले. रव्याची चाळण, पुरणाची चाळण आणि चहाची गाळणी. हे म्हणाले, "त्या पुरणाच्या चाळणीत परत पुरण करायचं नाही हं." सिंकमध्ये पाणी सोडलं आणि मूठ-मूठ माती घालून हलवत राहिले. आधी नुसता चिखल. मग चुन्याचे पांढरे कण. मग पुरणाच्या चाळणीच्या तळाला टक टक असं काहीतरी वाजायला लागलं. बघायच्या आधी मी डोळे मिटले आणि बोटांना विचारलं. कोण? मेंढरू. कुठलं? बोट. कोवळं, टोकं अजून न जुळलेली. आणखी एक. आणखी एक. बरगडी नाही, मांडी नाही, खांदा नाही. नुसती बोटं, ओंजळी भरभरून बोटं! भिंगाखाली धरलं, तर भोवती ती केसाएवढी गोल रेघ, दोऱ्यानं बांधल्यासारखी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर मेला कळसा पायाखाली होता. मी त्या सिंकपाशी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते आणि मध्येच हुंदका येत होता.

नव्या साहेबांनी बघितलं, मान डोलावली. म्हणाले, एका बादलीवरून अख्ख्या मठाचं सांगता येणार नाही, पण त्या खड्ड्यापाशी कातडी येत होती हे नक्की. पुढे एका लहानशा पत्रिकेत दीड पानाचा लेख आला. मी हट्टानं रूथबाईंचं नाव आधी टाकायला लावलं. पण हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यात मला एवढंच सुचत होतं, की बाईंना सांगायचंय. लॅबबाहेर हाडं न्यायची परवानगी नसते. मी मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीत कापूस घालून मूठभर बोटं घेतली आणि गाडी काढली.

बाई खिडकीशी होत्या. बाहेर बर्फ वितळून अंगण चिखलाचं झालं होतं. मी शेजारी बसले आणि काही न बोलता एक हाड त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचे डोळे खिडकीकडेच. पण अंगठा हलायला लागला. हाडावरून फिरला, टोकाशी थांबला, मग त्या बारीक रेघेवर आला आणि तिच्यावर मागेपुढे घासत राहिला.

"मेंढी," त्या म्हणाल्या. "कोकरू. सोललेलं."

"हो," मी म्हटलं.

"अजून आहेत?"

मी वाटी त्यांच्या मांडीवर रिती केली. एकेक उचलून त्यांनी बाजूला लावलं, न चुकता, माझ्याहून भराभर. सगळी झाल्यावर विचारलं, "कुठे मिळाली?"

"चुन्याच्या खड्ड्यापाशी, बाई. तळाला. मठात."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आल्या, परत आल्या! आता म्हणतील, मॅंडा. त्यांनी माझा हात धरला आणि पुढे वाकून घाईघाईनं म्हणाल्या, "मग रूथला सांगायला हवं. कुणी सांगितलं का तिला? बिचारी किती वर्षं शोधतेय."

मी दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला.

"आजच सांग," त्या म्हणाल्या. "उद्यावर टाकलंस तर राहून जाईल."

"सांगितलं की हो, बाई," मी म्हटलं, मराठीतच. "आत्ताच सांगितलं."

त्यांना काही कळलं नाही. पण माझा हात थोपटत त्या म्हणाल्या, "छान. मग काय म्हणाली ती?"